विद्यापीठाने खान्देशाला काय दिलं? हिशेब मांडायचाय

गिरणाकाठ
गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एकाने ठोकून दिलं, "विद्यापीठ म्हणजे पांढरा हत्ती, तेवढ्या पैशात तापीवरचं पाडळसरे धरण कधीच पुरं झालं असतं." पटापट अंगठे पडले. धरण रखडलंय हे आम्हा अमळनेर-चोपड्याकडच्यांचं जुनं दुखणं आहे, पण धरणाचा राग विद्यापीठावर काढून कसं चालेल? ग्रुपवर चार ओळींपलीकडे कोणी वाचत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

नव्या पोरांसाठी थोडी पार्श्वभूमी. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० ला जळगावात सुरू झालं. गणितज्ञ डॉ. एन. के. ठाकरे पहिले कुलगुरू. त्याआधी जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्हे पुणे विद्यापीठाखाली होते (नंदुरबार तेव्हा धुळ्यातच, वेगळा झाला १९९८ ला). शिकायची सोय नव्हती असं नाही. अमळनेरचं प्रताप आणि जळगावचं मू. जे. ही दोन्ही कॉलेजं १९४५ ची. पण मार्कशीटवर नावाची वेलांटी चुकली तरी रात्री महाराष्ट्र एक्सप्रेसला लटकायचं, सकाळी पुण्यात उतरायचं आणि काम लांबलं तर कोणा गाववाल्याच्या खोलीवर पथारी टाकायची. एमएस्सी करायचं तर विषय इकडे असेल तर ठीक, नाहीतर घरची परिस्थिती बघून गप्प बसायचं. नंतर बांभोरीजवळ गिरणेच्या अंगाला ६५० एकरांचा परिसर उभा राहिला, १९९४ ला रसायन तंत्रज्ञानाची संस्था आली, २०१८ मध्ये विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव लागलं.

आता पैशाचं. लोक काय मोजतात? गेटसमोरची झेरॉक्स, चहाच्या टपऱ्या, रिक्षा. माझ्या मते सगळ्यात चुकीचं मोजमाप हेच. चोपड्याचा पोरगा जळगावात खोली घेतो तेव्हा खान्देशात नवा रुपया येत नाही, चोपड्याचा रुपया जळगावला येतो, एवढंच. नवा पैसा वेगळ्या वाटांनी येतो. सरकारकडून येणारं वेतन अनुदान, दिल्लीहून येणारे संशोधन प्रकल्प, विद्यार्थ्यांच्या खात्यावर पडणारी शिष्यवृत्ती. हे सगळं मुंबई-दिल्लीहून येतं आणि इथल्या किराण्यात, घरभाड्यात, कपड्यात खर्च होतं. आणि दुसरा पैसा, ज्याची पावतीच फाटत नाही: जो बाहेर गेलाच नाही. जे पोरगं पुण्याला जाऊन चार वर्षं भाडं आणि मेस भरणार होतं ते शहाद्याला, शिरपूरला, पाचोऱ्याला शिकलं. त्या बापाची गाय विकायची वाचली.

म्हणून हिशेब बांभोरीत न बसता तालुक्याच्या गावांत बसून मांडावा लागेल असं माझं म्हणणं. तुमचे अनुभव टाका. कौतुक नको, खरं खरं सांगा.

डबेवाला_खोटेनगर
गिरणाकाठ भाऊ, टपरीला एवढं हलक्यात काढू नका हो, आमचं पोट त्यावर आहे.

मी खोटे नगरला मेस चालवतो. जे पाहिलं ते सांगतो. जूनच्या शेवटी अ‍ॅडमिशन सुरू झाली की बाप पोराला घेऊन येतो, भाजी चाखतो, पोळी मोडून बघतो, मग भाव करतो. महिन्याचे पैसे आगाऊ, गावाला गेला तर खाडे कापून मिळतील, पण आदल्या दिवशी सांगितलं असेल तरच. रविवारी रात्री सुट्टी, दुपारी शेवभाजी नाहीतर वरण-बट्टी. हिवाळ्यात एकदा तरी भरीत-पुरी करावीच लागते, नाहीतर पोरं दुसरी मेस धरतात. किराणा दाणाबाजारातून, भाजी पहाटे मार्केटमधून, पोळ्यांना आजूबाजूच्या वस्तीतल्या बाया. त्यांच्यातल्या दोघींच्या मुली आता कॉलेजला आहेत.

खरी गंमत उधारीच्या वहीत. निम्म्या पोरांचं जेवण शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्ती कधी पडेल ते पोराला माहीत नाही, कॉलेजला माहीत नाही आणि मला तर नाहीच. दिवाळी जाते, संक्रांत जाते. "काका, पडली की देतो." पोरं देतात, बुडवणारे फार थोडे. पण तोवर मी दाणाबाजारात उधार, दाणाबाजारवाला त्याच्या व्यापाऱ्याकडे उधार. सरकारचा पैसा यायच्या आधी सहा-आठ महिने त्याची सगळी साखळी आम्ही ओढतो, बिनव्याजी. तुमच्या हिशेबात हे कुठे धरणार?

आणि २०२० चा मार्च आठवा. आठ दिवसांत खोल्या रिकाम्या. भांडी पालथी घालून बसलो होतो. विद्यापीठ नसलं तर ह्या भागाचं काय होईल ते तेव्हा बघून घेतलं.

गिरणाकाठ
काका, टपरी हलकी नाही, तिचा पैसा नवा की फिरता एवढाच माझा प्रश्न होता. पण शिष्यवृत्तीची उधारी तुम्ही भरून काढता, हे डोक्यात आलंच नव्हतं. मूळ लेखात घालतो.

तासिकावाला
"सरकारकडून येणारं वेतन अनुदान." वाचून हसू आलं.

मी नेट-सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) दोन्ही पास, पीएचडी झालेली, एका अनुदानित कॉलेजात घड्याळी तासिकेवर. कॉलेजचं नाव घेत नाही, नोकरी आहे तेवढी राहू द्या. तासाला पैसे, घेतलेल्या तासालाच. दिवाळीची सुट्टी, परीक्षा, उन्हाळा बिनपगारी. जे मिळतात तेही महिन्याच्या महिन्याला नाहीत, वर्षात कधीतरी एकदम जमा होतात. कायम प्राध्यापक निवृत्त झाला की त्याचं पद रिकामं पडतं आणि त्याचे तास माझ्यासारख्या दोघा-तिघांत वाटले जातात. शिकवणं चालू राहतं, विद्यार्थ्याला फरक कळत नाही. गावाला मात्र कळतो.

कायम प्राध्यापक काय करायचा? तालुक्याच्या गावात प्लॉट घ्यायचा, बंगला बांधायचा. गवंडी, सुतार, फरशीवाला, सगळ्यांना काम. आमच्या गावची 'प्रोफेसर कॉलनी' तशीच उभी राहिली, आणि खान्देशात अशी कॉलनी नसलेलं तालुक्याचं गाव दाखवा मला. मी भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो आणि उन्हाळ्यात सासऱ्यांच्या केळीच्या गाड्या भरायला जातो. तेव्हा अनुदानाचा पैसा येतो हे खरं, पण त्याचा नळ बारीक होत चाललाय. तुमचं सूत्र १९९५ ला बरोबर होतं.

पुणेरी_खान्देशी
तासिकावाला सरांशी सहमत, आणि मी अजून पुढे जातो.

मी रावेर तालुक्यातला, बारा वर्षं हिंजवडीत. माझ्या बॅचचे गावात किती राहिले? ज्यांची केळी आहे ते आणि ज्यांना बाहेर जमलं नाही ते. बाकी पुणे, नाशिक, सुरत. विद्यापीठाने माणसं घडवली म्हणता, मान्य. पण पीक आपण काढतो आणि भाव दुसऱ्या बाजारात फुटतो. राज्य शासनाने पोराच्या पदवीवर खर्च केला, बापाने केला, आणि त्याचा टॅक्स, त्याचं घरभाडं, त्याचा फ्लॅट सगळं पुण्याला. ह्याला प्रादेशिक विकास म्हणायचं?

पांढरा हत्ती मी म्हणणार नाही. पण पदवी म्हणजे बाहेर जायचं तिकीट झालंय एवढं तरी मान्य करा.

क्यूसी_अंकलेश्वर
पुणेरी भाऊ, तुम्ही हिंजवडीवरून बघता, मी अंकलेश्वरवरून बघतो.

धुळे जिल्ह्यातल्या साध्या कॉलेजातून बीएस्सी, मग विद्यापीठाच्या अखत्यारीतूनच एमएस्सी ऑरगॅनिक. कॅम्पस इंटरव्ह्यू वगैरे काही नाही, गावचा एक सिनिअर आधी आलेला, त्याच्या खोलीवर उतरलो, तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये. अंकलेश्वर, वापी, दहेज, इकडे तारापूर, कुठल्याही औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे दर्जा तपासणाऱ्या लॅबमध्ये जा. एचपीएलसीवर (औषधाची शुद्धता तपासायचं यंत्र) बसलेला, रिअ‍ॅक्टरजवळ सॅम्पल घेऊन उभा असलेला शिफ्ट केमिस्ट खान्देशातला निघण्याची शक्यता भरपूर. दुपारच्या शिफ्टला गेटवर "काय रे भो, जेवना का?" ऐकू येतं. हा पट्टा खान्देशच्या रसायनशास्त्राच्या विभागांनी भरलाय, पण ह्याचा गवगवा कोणी करत नाही.

कारण सरळ आहे. आपल्याकडे बीएस्सी केमिस्ट्री तालुक्याच्या गावापर्यंत पोचली, आणि दीडशे-दोनशे किलोमीटरवर गुजरातची जीआयडीसी (तिकडची एमआयडीसी) उभी राहिली. मधे ताप्ती लाइन. अमळनेरला, नंदुरबारला सुरतच्या गाडीत बसायचं की संध्याकाळी तिकडे. पोरांनी आधी कारखान्यात हेल्पर म्हणून जायचं, पदवीनंतर केमिस्ट म्हणून. आवार तेच, पगार वेगळा, आणि रात्री अंगावर अ‍ॅसिड उडायची भीती कमी.

पैसा परत येत नाही असं म्हणता? माझ्या गावात मागच्या काही वर्षांत बांधलेली स्लॅबची घरं बघा, कोणाच्या पगारातून बांधली विचारा. आमच्या शेताचं ठिबक माझ्या बोनसमधून झालं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, बहिणीची फी, भावाची बोअरवेल, सगळं महिन्याच्या एक तारखेला फोनवरून जातं. सरकारी आकड्यात हे कुठेच दिसत नाही म्हणून ते नाही असं होत नाही.

तुमचा एक मुद्दा मात्र पटतो. आम्हाला हे काम जळगाव-धुळ्यात का मिळू नये? जळगावच्या एमआयडीसीत डाळ, तेल, प्लास्टिक पाइप, चटया, ठिबक, एवढे धंदे आहेत. रसायन तंत्रज्ञान संस्थेत तेल-रंग-प्लास्टिक शिकवलं जातं ते ह्याच धंद्यांना धरून. ज्या कारखान्याने इंटर्न घेतला त्याने पुढे त्यालाच ठेवल्याची उदाहरणं मला माहीत आहेत. पण पाच-दहा कारखान्यांनी भागत नाही. मोठा रासायनिक उद्योग इथे न येण्याची कारणं विद्यापीठाच्या हातातली नाहीत. बंदर लांब, पाण्याची मारामार, आणि शेजारी गुजरात.

पुणेरी_खान्देशी
स्लॅबच्या घरांचं मान्य. पण त्या घरात राहतं कोण? म्हातारे आई-बाप. सप्टेंबरमध्ये कानबाईच्या सणाला आणि दिवाळीला दारं उघडतात.

जिभाऊ_धुळे
कानबाई श्रावणात असते भाऊ. हिंजवडीची हवा लागली तुम्हाला. :)

पुणेरी_खान्देशी
जिभाऊ, पकडलंत. आई वाचत नाही इथे, बरं आहे.

सातपुड्याची
धागा सकाळपासून वाचतेय. सगळे जळगाव, धुळे, अमळनेर. नंदुरबारचं नाव कंसात येतं.

मी अक्राणी (धडगाव) तालुक्यातली, पावरा आदिवासी. शहाद्याला आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात राहून बी.ए. केलं. घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी पहिली. शहाद्याला कॉलेज नसतं आणि पदवीसाठी पुण्याला जा म्हणाले असते, तर मी पाड्यावरच राहिले असते. पुणं बाजूलाच ठेवा, जळगाव म्हटलं असतं तरी वडिलांनी पाठवलं नसतं. पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली की आमची धडगावची गाडी तळोद्याला पोचेल की नाही हेच सांगता येत नाही, तिथे जळगाव कुठे?

म्हणून गिरणाकाठ दादांचं तालुक्याच्या गावांचं म्हणणं मला पटतं. पण तुम्ही 'नवा पैसा, फिरता पैसा' असं जे लिहिलंत त्यात आमचं बसत नाही. आज मी आश्रमशाळेत शिकवते. माझ्या पगारामुळे धाकटा भाऊ दिवाळीनंतर ऊसतोडीला गेला नाही, दहावीला बसला. त्याच्या मागे चुलतभाऊ. पाड्यावरची जोडपी दिवाळीनंतर गुजरातेत जातात आणि होळीला परत येतात, पोरं सोबत. ज्या घरात एक पगार आला त्या घरातली पोरं त्या टेम्पोत बसत नाहीत. हे कोणत्या रकान्यात लिहाल?

विद्यापीठाने नंदुरबारला एकलव्य प्रशिक्षण केंद्र काढलं, आमच्या ओळखीची पोरं तिथे जाऊन आली, चांगलं काम आहे. आदिवासी विकास विभागाची 'स्वयं' योजना आहे, वसतिगृहात नंबर लागला नाही तर बाहेर खोली घ्यायला पैसे मिळतात. पण मेसवाल्या काकांनी लिहिलं तेच, पैसे उशिरा. आमच्या पोरांना उधारी देणारा काका प्रत्येक गावात नसतो. पैसे पडायच्या आधीच पोरगा परत जातो आणि मग त्याला 'गळती' म्हणतात.

आणि एक. कागदाचं काम असलं की अजूनही जळगावच. धडगावहून पहाटे निघालं तरी एक दिवसात होत नाही. पुण्याची ती रात्रीची गाडी आमच्यासाठी फक्त थोडी जवळ आली.

गिरणाकाठ
ताई, तुमच्या शेवटच्या ओळीला माझ्याकडे उत्तर नाही. 'बाहेर न गेलेला पैसा' मी मोजत होतो, तुमच्याकडे बाहेर न गेलेली माणसं आहेत. ऊसतोडीचं आधी लिहायला हवं होतं.

अभ्यासिका_नंबर_तीन
माझ्यासारख्यांबद्दल कोणीच बोलत नाहीये. बी.ए., एम.ए., आता तिशीकडे. सकाळी सातला अभ्यासिकेत, खुर्चीचं भाडं महिन्याला, एसीची खोली जास्त पैशाची. टेबलावर स्वतःचं कुलूप असलेलं कपाट, भिंतीवर गेल्या वर्षी पीएसआय झालेल्याचा हार घातलेला फोटो. अकराला चहा, दोनला डबा, रात्री दहाला बंद. तलाठी भरती आली की गर्दी, निकाल लागला की महिनाभर शुकशुकाट, मग पुन्हा तीच तोंडं.

जळगाव, धुळे, शिरपूर, चाळीसगाव, कुठेही बघा, अभ्यासिकांचा धंदा जोरात आहे. हा विद्यापीठाचाच आर्थिक परिणाम समजायचा का? पदव्या आल्या, त्या पदव्यांना साजेसं काम आलं नाही, मधे हे दुकान उघडलं. बाप अजून पैसे पाठवतो. कपाशीचा भाव पडला की पहिला फोन अभ्यासिकेत येतो.

डबेवाला_खोटेनगर
बेटा, निराश होऊ नको. मागच्या साली माझ्या मेसचा एक पोरगा वनरक्षक झाला, पेढे घेऊन आला आणि दोन वर्षांपूर्वीचे राहिलेले पैसेही देऊन गेला. मी विसरलो होतो.

चोपडेकर_ताई
मुलींचं कोणी लिहा ना. मीच लिहिते.

माझी मोठी नणंद १९८६ ची बारावी. पहिल्या वर्गात पास. पुढे काय, तर लग्न. हुशार होती, पण कॉलेज म्हणजे मुक्काम आणि मुक्काम म्हणजे नाही. तिची मुलगी चोपड्यातूनच एम.कॉम. झाली, रोज सकाळच्या एसटीने जायची, दुपारी घरी. सासऱ्यांचा एकच प्रश्न असायचा, "दिवे लागायच्या आत येते ना?" गावागावातल्या कॉलेजचं खरं बळ हेच, मुलगी रात्री घरी असते. बाकी सगळं नंतर. आता बसचं अर्धं तिकीट आहे (मार्च २०२३ पासून), त्यानेही फरक पडला, विद्यार्थ्यांचा सवलतीचा पास तर आधीपासून आहेच.

२०२४-२५ पासून सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफी केली, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलं तर. बाया फोन करून विचारतात, "सगळं फुकट ना?" सगळं नाही. खाजगी आणि अभिमत विद्यापीठांना ती माफी नाही. होस्टेल, मेस, पुस्तकं आपलीच. जळगावला मुलगी ठेवायची तर तो खर्च फीपेक्षा भारी पडतो, हे आधी सांगा आणि मग ऑनलाइन फॉर्म भरा.

लग्नं उशिरा होऊ लागली हे तर डोळ्यांनी दिसतं. आमच्याकडे आता मुलाकडचे विचारतात, मुलगी पदवीधर आहे का. हुंड्याचं म्हणाल तर तो गेलेला नाही, फक्त 'मुलीला नोकरी लागली तर कमी घेऊ' अशी भाषा आली. प्रगती म्हणा नाहीतर अजून काही.

जिभाऊ_धुळे
ताई, जोरदार.

मला एक वेगळं बोलायचंय, पैशाच्या मुळाचं. विद्यापीठ स्वतः कशावर चालतं हे कोणी विचारलं नाही. कायम नोकरांचे पगार सरकार देतं, पण बाकीचा गाडा बऱ्यापैकी कॉलेजांच्या संलग्नता शुल्कावर (विद्यापीठाला जोडून राहायला कॉलेजं भरतात ते) आणि परीक्षा फीवर ओढला जातो. आणि तो पाया खचतोय. कसा? मोजा.

शेती आपला मुख्य धंदा, पण शेतीचं शिक्षण राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे. जळगावचं केळी संशोधन केंद्रही त्यांचंच. वैद्यकीय सगळं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, म्हणजे जळगाव-नंदुरबारची नवी सरकारी मेडिकल कॉलेजं आली तरी ती ह्या खात्यात नाहीत. अभियांत्रिकीची इथली काही मोठी कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडून घेऊन बसली. मुक्त शिक्षण यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडे. वरून बरी कॉलेजं स्वायत्त होऊ लागली, मू. जे. झालंच. स्वायत्त झालं की परीक्षा त्यांची, पेपर त्यांचे.

मग विद्यापीठाच्या ताटात उरलं काय? कला, वाणिज्य, विज्ञान. म्हणजे जिथे पोरं गरीब, फी कमी आणि कॉलेजं लहान. ज्यांना विद्यापीठाची सगळ्यात जास्त गरज आहे तेवढेच उरले, आणि त्यांच्याकडून फी वाढवून घेणं बरं नाही. नंदुरबारच्या ताईंना कागदासाठी जळगाव गाठावं लागतं, ते काम नंदुरबारात करायचं तर माणसं नेमावी लागतील. पैसा कुठून येणार?

तासिकावाला
जिभाऊंनी नस पकडली. परीक्षा फी वाढली की विद्यार्थी संघटना मोर्चा काढतात आणि त्यांचं बरोबरच असतं. नाही वाढवली की तासिकेचे दर, प्रयोगशाळेची रसायनं, सगळं अडतं. माझ्या कॉलेजात टायट्रेशनचं प्रॅक्टिकल चौघांत एक ब्युरेट घेऊन चालतं. तीच पोरं उद्या क्यूसी भाऊंच्या लॅबमध्ये जाणार.

क्यूसी_अंकलेश्वर
येऊ द्या सर, इथे शिकवून घेतो. आम्हीही तसेच आलो. पण आमच्यासारख्यांकडून कोणी काही मागतच नाही हो. माजी विद्यार्थी म्हणून मला आजपर्यंत एक पत्र नाही, एक फोन नाही. अंकलेश्वर-वापीच्या पट्ट्यातल्या केमिस्टांनी ठरवलं तर दोन-चार कॉलेजांच्या लॅबची काचेची भांडी सहज भरतील.

भालोदचा
युवारंग, आपल्या विद्यापीठाचा युवक महोत्सव, विसरलात सगळे! एका साली आमच्या जवळच्या कॉलेजात होता. मंडपवाला, केटरर, लाइटवाला, मेकअपवाला, ड्रेस भाड्याने देणारा, चार दिवस सगळ्यांची दिवाळी. आणि तीन जिल्ह्यांची पोरं एका मैदानावर. नंदुरबारची पोरं पावरी नाच घेऊन आली, धुळ्याची अहिराणी नाटिका, आमची लेवा बोलीतली. शेजारच्या तालुक्याची बोली पहिल्यांदा स्टेजवर ऐकली आणि टाळ्या वाजवल्या. आमच्या वर्गातल्या दोन पोरांना तिथेच नाटकाचा नाद लागला, एक आता पुण्यात मालिकांना साउंड करतो. (पुणेरी भाऊ, हे पण तुमच्याच खात्यात टाका.)

गिरणाकाठ
आता कामाचं. विद्यापीठाचा अर्थसंकल्प आणि वार्षिक अहवाल अधिसभेपुढे (सिनेटपुढे) येतात. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून द्यायचे १० सदस्य आहेत. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखे पदवीधर. किती जणांनी मतदार म्हणून नोंदणी केली आहे इथे? प्रामाणिकपणे सांगा. पुण्याच्या, अंकलेश्वरच्या लोकांनी पण.

पुणेरी_खान्देशी
नाही केली. अशी काही भानगड असते हेच माहीत नव्हतं.

सातपुड्याची
मागच्या वेळी पॅनलवाले आश्रमशाळेत आले होते, फॉर्म घेऊन. "सही करा, बाकी आम्ही भरतो." केली. मत मात्र दिलं नाही, केंद्र लांब होतं.

जिभाऊ_धुळे
तसंच चालतं सगळीकडे. पॅनल म्हणजे संस्थाचालकांची माणसं. फॉर्म त्यांचे, मतं त्यांची. आपण स्वतः पदवी प्रमाणपत्र लावून नोंदणी केली आणि उमेदवाराला चार प्रश्न आधीच लेखी विचारले तर थोडं तरी इकडचं तिकडे होईल. प्रश्न इथेच ठरवू.

तासिकावाला
पहिला माझा. तासिकेचं मानधन महिन्याच्या महिन्याला.

सातपुड्याची
दुसरा. नावाची दुरुस्ती, मायग्रेशन, पदवी प्रमाणपत्र नंदुरबारला अर्ज करून नंदुरबारलाच मिळावं. आणि मतदान केंद्र धडगावला.

डबेवाला_खोटेनगर
तिसरा, शिष्यवृत्ती वेळेवर.

जिभाऊ_धुळे
काका, ते मुंबईच्या हातात आहे, अधिसभेच्या नाही.

डबेवाला_खोटेनगर
असू द्या. तरी लिहा. ठराव करून मुंबईला पाठवता येतो ना? माझ्या वहीची झेरॉक्स जोडतो पाहिजे तर, पोरांची नावं खोडून.